‘वसाहत’ म्हणजे एमआयडीसी नव्हे!

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला रविवार. रविवारी संध्याकाळी आमची मेस बंद असते, हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. मी बाटली भरायला म्हणून खाली गेलो, तर मेसच्या मावशी दुसऱ्या दिवशीची मेथी निवडत बसल्या होत्या आणि शेजारी त्यांची दहावीतली मुलगी इतिहासाचं पुस्तक उघडून मोठमोठ्याने घोकत होती. एकच ओळ, चार-पाच वेळा. शेवटी मावशीच वैतागून म्हणाल्या, "अरे बाळा, तू एवढा इंजिनिअर होतोयस, जरा हिला समजावून सांग की!"

मी बसलो. पोरगी म्हणाली, "दादा, सरांनी पंचवीस शब्दांची यादी दिलीय. चाचणीत ‘संकल्पना स्पष्ट करा’ म्हणून येणार आहेत. वसाहतवाद म्हणजे काय?"

मी ऐटीत म्हटलं, "सोपं आहे. वसाहत म्हणजे कॉलनी."

"म्हणजे आपल्या मागच्या एमआयडीसीसारखं का? तिथं ‘औद्योगिक वसाहत’ अशी पाटी आहे."

मला हसू आलं. पण ते दोनच सेकंद टिकलं. कारण "तसं नाही गं, म्हणजे बघ..." एवढं बोलून मी जो अडकलो, तो अडकलोच. मित्रहो, मला दहावीला समाजशास्त्रात चांगले मार्क होते बरं का! वसाहतवादाची व्याख्या मी तेव्हा स्वल्पविरामासकट लिहिली होती. पण त्या व्याख्येत काय होतं, हे ना तेव्हा माहीत होतं ना आता.

त्या रात्री रूमवर येऊन मी तिच्या यादीचा मोबाईलवर काढलेला फोटो पार्टनरला दाखवला. साम्राज्यवाद, वसाहतवाद, प्रबोधन, क्रांती, सरंजामशाही, राष्ट्रवाद, हुकूमशाही, फॅसिझम, वंशसंहार, शीतयुद्ध, अलिप्ततावाद... "यातला एक तरी धड सांग," म्हटलं. तो म्हणाला, "सबमिशन झालंय का तुझं?" विषय संपला.

माझ्यापुरता मात्र तो संपला नाही. गेले काही महिने दर रविवारी तास-दीड तास मी त्या यादीशी आणि त्या पोरीच्या प्रश्नांशी झगडतोय. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे, ते इथे मांडतो. शाळेत जगाचा इतिहास शिकणाऱ्या पोरांना हे पंधरा-वीस शब्द यायलाच हवेत. पण आज आपण ते ज्या पद्धतीने शिकवतो, त्यापेक्षा ते नाही शिकवले तरी फारसा फरक पडणार नाही!

आपल्याला शब्द कसे शिकवले? जाड टाइपात शब्द, पुढे एक लांबलचक वाक्य, आणि ते वाक्य तसंच्या तसं उत्तरपत्रिकेत. इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं की संकल्पना अशी शिकवायचीच नसते. हूकचा नियम घ्या. सर आधी व्याख्या सांगतात, मग एक उदाहरण सोडवून घेतात, आणि शेवटी बजावतात की हा नियम इलॅस्टिक लिमिटपर्यंतच लागू, त्यापुढे नाही. व्याख्या, उदाहरण, मर्यादा. इतिहासाच्या शब्दालाही एवढंच लागतं. शब्द आला कुठून, त्याच्यामागे घडलं काय, आणि तो कुठे लागू होत नाही. चला, करून बघू.

सुरुवात अर्थात वसाहतीपासून. लॅटिनमध्ये ‘कोलोनिया’ म्हणजे रोमन लोकांनी जिंकलेल्या मुलखात आपली माणसं नेऊन वसवलेलं गाव. जर्मनीतल्या कोलोन शहराचं नाव त्यावरूनच पडलं आहे. म्हणजे मूळ अर्थाने वसाहत ही खरोखर वस्तीच. त्या पोरीची एमआयडीसी अगदीच चुकीची नव्हती! इंग्रजांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर ज्या तेरा वसाहती केल्या आणि ज्यांनी १७७६ साली स्वातंत्र्य जाहीर केलं, त्या अशाच. माणसं गेली, राहिली, तिथल्या मूळच्या लोकांना हटवून त्यांनी जमीन बळकावली. पण पुढे बहुतेक ठिकाणी वस्ती नावालाच उरली आणि मालकी तेवढी राहिली. सगळ्यात भयंकर उदाहरण काँगोचं. १८८४-८५ मध्ये बर्लिनला परिषद भरली. आफ्रिकेच्या वाटपाचे नियम ठरवायला युरोपातली राष्ट्रं टेबलाभोवती बसली, आणि त्या टेबलावर एकही आफ्रिकन माणूस नव्हता. या सगळ्या घडामोडीत बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने काँगोचा अवाढव्य प्रदेश स्वतःच्या खाजगी मालकीचा करून घेतला. देशाच्या नव्हे, स्वतःच्या! १८८८ मध्ये डनलॉपने सायकलचा हवेचा टायर काढला, रबराची मागणी वाढली, आणि काँगोतल्या गावागावांवर रबराचा कोटा बसला. कोटा भरला नाही की सैनिक यायचे. झाडलेल्या गोळीचा हिशेब म्हणून माणसाचा कापलेला हात दाखवायचा, अशी पद्धत पडली. १९०८ पर्यंत हे चाललं. टायरचा शोध आपण वाचतो, रबर कुठून आलं ते वाचत नाही.

आता मर्यादा. परकी सत्ता आली की वसाहत झालीच, असं नाही. चीनचं बघा. १८३९ ते १८४२ च्या पहिल्या अफू युद्धात ब्रिटनने चीनला हरवलं, हाँगकाँग घेतलं, पाच बंदरं व्यापाराला उघडायला लावली. पण चीनमध्ये बादशहा चीनचाच राहिला. म्हणजे चीन पूर्णपणे कुणाची वसाहत झाला नाही, तरी तो साम्राज्यवादाखाली भरडला गेलाच. हा साम्राज्यवाद आणि वसाहतवाद यातला फरक. दुसऱ्यावर हुकमत चालवणं हा साम्राज्यवाद, आणि ते करण्याची एक पद्धत म्हणजे वसाहतवाद. आणि हो, ही अफू कुठली होती? बंगाल-बिहारची आणि माळव्याची. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची, आणि त्या काळच्या मुंबईतल्या कितीतरी श्रीमंतीचा पाया त्या व्यापारात होता. म्हणजे साम्राज्यवाद ही फक्त आपल्यावर झालेली गोष्ट नाही. आपल्यातले काही जण त्यात भागीदारही होते. हे ऐकल्यावर ती पोरगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे पुस्तकात नाही." मी म्हटलं, "व्याख्येत मावत नाही ना!"

पुढचा शब्द क्रांती. हा आपला लाडका. होस्टेलमध्ये दर सेमिस्टरला निदान एक क्रांती होते, बहुधा पोळ्यांवरून. या शब्दाची गंमत अशी की तो मुळात राजकारणातला नाहीच, आकाशातला आहे. पंचांगात क्रांतिवृत्त असतं, संक्रांतीतही तीच क्रांती आहे. संस्कृत धातू ‘क्रम्’, म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. आणि इंग्रजीत? आपण मशीन लॅबमध्ये आरपीएम मोजतो, त्यातला ‘आर’ म्हणजेच रिव्होल्यूशन! कोपर्निकसच्या १५४३ च्या प्रसिद्ध ग्रंथाच्या नावात हाच शब्द ग्रहगोलांच्या भ्रमणासाठी आहे. दोन वेगळ्या भाषांत हा शब्द आकाशातून रस्त्यावर उतरला. १४ जुलै १७८९ ला पॅरिसमध्ये बॅस्टिल पडलं, आणि त्यानंतर क्रांतीचा अर्थ गोल फिरून जागेवर येणं असा राहिला नाही, परत मागे जाता येणार नाही असा बदल, असा झाला. आपले ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्दही तिथलेच. १७८९ च्या सभागृहात राजाच्या अधिकाराच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, विरोधातले डावीकडे. टीव्हीवर रोज रात्री जे शब्द वापरून भांडतात, ते मुळात बसायच्या जागेवरून आलेत!

आणि औद्योगिक क्रांती? ती तर आपल्या घरचीच. वॉटचं १७६९ चं पेटंट, वेगळा कंडेन्सर, वाफेची आणि इंधनाची बचत, हे आपल्याला थर्मलमध्ये आहे. पण १८११ पासून इंग्लंडमध्ये विणकरांनी रात्री कारखान्यांत घुसून यंत्रं फोडली, त्यांना लडाइट म्हणत, १८१२ साली यंत्र फोडणाऱ्याला थेट फाशीची शिक्षा देणारा कायदा झाला, आणि कवी बायरनने उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध भाषण केलं, हे कुणी सांगितलं? थर्मलवाले म्हणतात, हे इतिहासात. इतिहासवाले म्हणतात, यंत्राचं आम्हाला काय कळतं! मध्ये राहतो तो माणूस, ज्याचा माग बंद पडला. ज्यांच्या आजोबांनी गिरणगावात काम केलं आहे, ज्यांच्या घरी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाची गोष्ट अजून निघते, त्यांना हा माणूस परका वाटणार नाही.

‘प्रबोधन’ या शब्दाने तर मला रडवलं. आपल्याकडे प्रबोधन म्हटलं की व्याख्यानमाला आठवते, नाहीतर व्यसनमुक्तीचं पथनाट्य. पुस्तकात मात्र प्रबोधनकाळ म्हणजे युरोपातला चौदाव्या ते सोळाव्या शतकाचा काळ. आणि पुढे अठराव्या शतकातल्या विवेकवादी विचारवंतांच्या काळालाही पुष्कळदा प्रबोधनच म्हणतात. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव! पोरं गोंधळणार नाहीत तर काय? मी तिला दोन उदाहरणं दिली. पहिल्या प्रबोधनासाठी फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट. ब्रुनेलेस्कीने तो १४२० ते १४३६ मध्ये बांधला, खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता. प्राचीन रोमन बांधकामं डोळ्यांपुढे होतीच, पण जुन्याच्या पुढे जायची हिंमतही होती. दुसऱ्यासाठी दिदेरोचा विश्वकोश, १७५१ ते १७७२, सतरा खंड मजकुराचे आणि अकरा खंड चित्रांचे. त्या चित्रांत राजेमहाराजे नाहीत. टाचण्या कशा करतात, काच कशी फुगवतात, माग कसा चालतो, हे आहे. कारागिराचं ज्ञान ग्रंथात घेण्याजोगं आहे, असं म्हणणं हेच त्या काळी बंड होतं. १७५९ मध्ये सरकारने त्याचा परवाना काढून घेतला होता. मेकॅनिकलच्या पोरांनो, ज्याने वर्कशॉपला पुस्तकात आणलं तो हा माणूस!

गुलामगिरी हा शब्द तुलनेने सोपा वाटतो, म्हणून तो आपण पटकन ओलांडतो. पण मराठीत त्याच्यामागे एक मोठी गोष्ट आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतली गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. अमेरिकेच्या राज्यघटनेत गुलामगिरी रद्द झाली ती १८६५ मध्ये. म्हणजे अवघ्या आठ वर्षांत पुण्यातला एक माणूस त्या लढ्याचं नातं इथल्या शूद्रातिशूद्रांच्या लढ्याशी जोडत होता. ना इंटरनेट, ना मोबाईल. जगाचा इतिहास आपल्याशी संबंधित नाही, असं म्हणणाऱ्याला हे एक उत्तर पुरे आहे.

आणि या शब्दाची मर्यादाही तिनेच शोधली. तिने विचारलं, "मग मॉरिशसला आपली माणसं नेली ती गुलाम होती का?" प्रश्न चांगलाच अवघड होता. ब्रिटिश साम्राज्यात १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद व्हायची ठरली आणि १८३४ पासून ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर जायला लागले. एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यात कोकणातली मराठी माणसंही होती, त्यांचे वंशज तिथे आजही आहेत. कायद्याने ते गुलाम नव्हते, कारण विक्री नव्हती आणि कराराला मुदत होती. पण करार मोडला तर तुरुंग होता. ‘ॲग्रीमेंट’चं त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं. आपल्याकडे सुताराच्या भोकं पाडायच्या हत्याराला गिरमिट म्हणतात. त्याचा या शब्दाशी संबंध नाही, पण मला ते ऐकताना ते हत्यारच दिसत राहिलं. आधी शब्द बदलला, परिस्थिती बरीच मागून बदलली.

आता येतो त्या शब्दाकडे, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. हुकूमशाही. मागच्या वर्षी होस्टेलच्या गेटची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली, तेव्हा नोटीस बोर्डावर मार्करने लिहिलं गेलं: "हिटलरशाही मुर्दाबाद!" अक्षर कुणाचं होतं ते आता सांगायला हरकत नाही. माझंच होतं. दुसऱ्या दिवशी रेक्टर सरांनी आम्हा चौघांना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, बाजू ऐकून घेतली, आणि आठवड्याभरात वेळ पूर्वीची झाली.

आता हे वाचा. १८ फेब्रुवारी १९४३ ला म्युनिक विद्यापीठात हान्स आणि सोफी शोल हे भाऊ-बहीण हिटलरविरुद्धची पत्रकं टाकताना पकडले गेले. चारच दिवसांत, २२ फेब्रुवारीला, खटला चालून त्यांचा आणि त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट याचा शिरच्छेदही झाला. सोफी २१ वर्षांची होती. म्हणजे आपल्या बी.ई.च्या वर्गातल्या पोरांएवढी. हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या मार्करची लाज वाटली. गेटची वेळ चूक होती, आमचा विरोधही बरोबर होता. शब्द मात्र चूक होता.

शब्द स्वस्त झाला की तोटा असा होतो की खरी वेळ येते तेव्हा हातात शब्दच उरत नाही. आणि खरी वेळ ओळखायची कशी, तेच तर इतिहास सांगतो. रोममध्ये ‘डिक्टेटर’ हे कायदेशीर पद होतं. संकटकाळी एका माणसाला सर्वाधिकार, पण मुदत जास्तीत जास्त सहा महिने. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते पद तहहयात घेतलं, तिथे गाडी घसरली. म्हणजे बघायचं ते मुदतीकडे. ‘फॅसिझम’ आला इटालियन ‘फाशो’वरून, म्हणजे मोळी. रोमन अधिकाऱ्यांपुढे काठ्यांची मोळी आणि त्यात कुऱ्हाड खोचून नेत, ती खूण मुसोलिनीने उचलली. एकीचं बळ म्हणून मोळीची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असतेच. मुसोलिनीच्या मोळीत प्रश्न एवढाच होता, की ज्या काठीला बाहेर राहायचंय तिचं काय? १९२४ मध्ये संसदेत निवडणुकीतल्या दांडगाईविरुद्ध बोललेल्या मात्तेओत्ती या खासदाराचा फॅसिस्टांनी खून केला. उत्तर मिळालं. आणि हिटलर? तो रणगाडे घेऊन सत्तेवर आला नाही. ३० जानेवारी १९३३ ला त्याची रीतसर नेमणूक झाली, आणि २३ मार्चला संसदेनेच स्वतःचे अधिकार त्याला देऊन टाकले. सगळं कागदावर. एक दादागिरी करणारा माणूस दिसला की ‘हुकूमशहा’ म्हणणं सोपं असतं. एकेक कागद सहीला जातोय, तेव्हा तो शब्द आठवणं अवघड असतं.

याच यादीत ‘वंशसंहार’ होता. हा शब्द वयाने लहान आहे. त्यासाठीचा ‘जेनोसाइड’ हा शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेतज्ज्ञाने घडवला आणि तो १९४४ मध्ये छापून आला. त्याआधी या गुन्ह्याला नावच नव्हतं! ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी तो करारात आणला. साठ लाख ज्यू मारले गेले होते. आणि मारणाऱ्यांनी या गोष्टीला काय म्हटलं होतं? ‘अंतिम सोल्यूशन’. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनजवळ वान्झे इथे बैठक झाली, तिच्या कागदपत्रांत हाच शब्द आहे. माणसं मारणं म्हणजे ‘विशेष उपचार’, गाडीत कोंबणं म्हणजे ‘स्थलांतर’. मित्रहो, सोल्यूशन हा तर आपला शब्द! प्रॉब्लेम आला की सोल्यूशन काढायचं, हेच चार वर्षं शिकतो ना आपण?

ते सोल्यूशन प्रत्यक्षात आणायला इंजिनिअर लागले. जर्मनीत एर्फुर्ट शहरात टोप्फ आणि पुत्र नावाचा कारखाना होता. दारू गाळायच्या भट्ट्यांची आणि बॉयलरची कामं करणारा, नावाजलेला. त्यांच्या कुर्ट प्रूफर या इंजिनिअरने आउशवित्झच्या छळछावणीतल्या दहनभट्ट्यांचं काम केलं. त्याच कारखान्यातल्या फ्रिट्झ झांडरने १९४२ मध्ये प्रेतं सलग जाळत राहणाऱ्या भट्टीसाठी पेटंटचा अर्ज केला. आउशवित्झमध्ये अकरा लाख माणसं मेली. ही माणसं सैतान नव्हती, एसएसचे सैनिकही नव्हते. ड्रॉइंग बोर्डवर बसून कार्यक्षमता वाढवत होती. इंधन वाचवत होती. आपण करतो तेच. त्या कारखान्याच्या जागी आता स्मारक-संग्रहालय आहे. या दोघांना जळण, उष्णता, हवेचा झोत हे सगळे शब्द येत होते. कमी पडला तो एकच शब्द, आणि तो त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

ही गोष्ट मी त्या पोरीला सांगितली नाही. तुम्हाला सांगतोय.

यादीतल्या शेवटच्या दोन शब्दांनी जरा हलकं वाटलं. शीतयुद्ध म्हणजे थंड युद्ध, पण ते थंड होतं फक्त अमेरिका आणि रशिया या दोघांपुरतं. १९५० ते १९५३ कोरियात आणि पुढे व्हिएतनाममध्ये लाखो माणसं मेली. आणि ‘अलिप्ततावाद’ हा शब्द तर मराठीत साफ फसवा आहे. अलिप्त म्हणजे कोपऱ्यात मासिक वाचत बसलेला पार्टनर, भांडण चालू असलं तरी मान वर न करणारा! प्रत्यक्षात कोरियाच्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला १९५३ मध्ये जो तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या होते. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद झाली, आणि त्याच डिसेंबरात आपण गोवा मुक्त केला. सुरक्षा समितीत आपल्याविरुद्ध ठराव आला, तेव्हा रशियाने व्हेटो वापरला. याला अलिप्त म्हणायचं? कुठल्याही गटाला बांधून न घेता आपला निर्णय आपण घेणं, असा त्याचा अर्थ. शब्दावर विसंबलात तर उलटा अर्थ हाती लागतो.

आता आक्षेप. पहिला नेहमीचाच: "हे सगळं इंजिनिअरला कशाला?" त्याचं उत्तर एर्फुर्टमध्ये आहे. दुसरा: "हे मराठी शब्द बोजड आहेत, सरळ इंग्रजी वापरा." मान्य, काही बोजड आहेत. पण इंग्रजी शब्द घेतला तरी तो समजावून सांगावाच लागतो. ‘कोलोनियलिझम’ म्हटल्याने पोरीला काँगो दिसणार नव्हता. मराठी माध्यमातून इथे येऊन पहिल्या सेमिस्टरला केटी खाल्लेल्यांना हे चांगलं माहीत आहे. आपल्याला शब्द अडले, कारण आधीच्या भाषेतही आपण अर्थ सोडून शब्दच पाठ करून आलो होतो. तिसरा आक्षेप सगळ्यात खरा: "एवढं सांगायला शाळेत वेळ कुठे आहे? पोर्शन कोण संपवणार?" याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण पंचवीस शब्द पाठ करून विसरण्यापेक्षा बारा शब्द कळणं बरं, एवढं मी खात्रीने म्हणेन. यादी कमी करा, प्रत्येक शब्दाला एक खरी गोष्ट द्या.

चाचणीचं काय झालं, ते सांगायला हवं. वसाहतवादाचं उत्तर तिने स्वतःच्या भाषेत लिहिलं, काँगोच्या रबरासकट. तीनपैकी दीड मार्क. शेजारी लाल पेनने शेरा: "पुस्तकातील भाषा वापरावी." मावशींनी पेपर माझ्यापुढे धरला. बोलल्या काहीच नाहीत, पण त्यांचे डोळे विचारत होते की बाळा, तुझ्या शिकवण्याने पोरीचे मार्क गेले का? त्यांना ती मुलगी पुढे शिकवायची आहे. एकेक मार्काची किंमत मला माहीत आहे, मीही त्याच रांगेतून आलोय.

पोरीने विचारलं, "दादा, बोर्डात कसं लिहू?"

मी म्हटलं, "पहिलं वाक्य पुस्तकातलं लिही. मग खाली तुझं उदाहरण."

हे बरोबर सांगितलं की चूक, मला अजून कळलेलं नाही. सुरक्षित सांगितलं, एवढं नक्की. परीक्षेच्या पद्धतीशी भांडायची हिंमत मी तिच्या मार्कांवर करू शकत नव्हतो. ते भांडण मोठ्यांनी करायचं असतं. आपल्या कॉलेजातले निम्मेअधिक प्राध्यापक पालक आहेत, त्यांच्या मुलांच्या शाळेत त्यांचा शब्द चालतो. त्यांनी एकदा तरी विचारावं, की मुलाने स्वतःच्या भाषेत बरोबर लिहिलं तर मार्क का कापता?

आणि आपण? मेसमध्ये, गेटवर, कँटीनमध्ये काम करणाऱ्यांची सात-आठ मुलं आपल्या आवारातच शिकतात. रविवारी संध्याकाळी मेसचं टेबल रिकामं असतं. तासभर बसा. गणित-विज्ञान तर येतंच तुम्हाला, इतिहासही घ्या. येत नसेल तर अडा, माझ्यासारखे. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याची घडी बसवली तोच. लायब्ररीतही त्याचे खंड मागवावेत, अशी ग्रंथपालांना या लेखातून विनंती.

येत्या रविवारी ‘राष्ट्रवाद’ आहे. मी आधी वाचून ठेवलंय, पण तिचा प्रश्न माझ्या तयारीच्या बाहेरचा असणार, हे आता अनुभवाने कळलंय. दोन डोकी जास्त असली तर बरं पडेल. साडेपाचला या. चहा मावशी देतात.